मेहुण्याचा कोंबडा

लुबेगाला कुणी विचारलं असतं, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की झालवांगोआत्याने त्या कोंबड्याला जेवढं जपलं तेवढं आपल्याला उभ्या जन्मात कधी जपलं नाही. आईबाप गेल्यावर तो आत्याच्याच केळीच्या बागेत वाढला. उशीर झाला की उपाशी झोपला, खोटं बोलला की पायताण खाल्लं. आणि हा कोंबडा? याला मक्याचा कोंडा कोमट पाण्यात कालवून. पंख फुटलेली वाळवी जमिनीतून उसळून येते त्या दिवसांत बाई स्वतः भाजलेल्या वाळवीवर जीव टाकते, पण तिच्या टोपलीतली अर्धी वाळवी आधी याच्यापुढे. बदकांनी त्याच्या ताटलीत चोच घातली तर बदकांना काठी. सशांचा खुराडा सावलीत होता, तोही तिने उन्हाकडे सरकवला, का तर याला दुपारी सावली लागते म्हणून!

त्याला नाव नव्हतं. आत्या त्याला 'मेहुण्याचा' म्हणायची. "ये रे मेहुण्याच्या, खा रे मेहुण्याच्या." कारण तो होताच मेहुण्याचा. मुलगी मागायला गेलं की बाकी सगळं द्यायचं ते द्यायचंच, सासऱ्याला झगा, सासूला वस्त्र, साखर, साबण, मांस, पण लग्न लागतं ते कोंबड्याने. नवऱ्याकडचा कोंबडा नवरीच्या भावाच्या हातात पडला की मुलगी दिली. नाही पडला तर सगळं जेवण, नाचणं, बोलणं फुकट. चर्च, अंगठी वगैरे मागाहून.

"बाजारात चांगले कोंबडे मिळतात, आत्या," लुबेगा म्हणाला होता. "शनिवारी जाता जाता घेऊ की एखादा."

"बाजारातला? कुणाच्या उकिरड्यावर वाढलेला, कुठल्या रोगातून उठलेला, देव जाणे! मुलगी मागायला चाललायस की रस्सा करायला?"

"पण मंडळी म्हणतात..."

"मंडळींना म्हणावं, तोंडं धुवा. माझ्या भाच्याचा कोंबडा माझ्या अंगणातून जाईल."

झालं. विषय संपला. आत्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, निदान भिंत उलट बोलत नाही.

आता गावात प्रत्येक घरच्या कोंबडीला खूण असते. कुणी पायाला चिंधी बांधतं, कुणी एखाद्या बोटाचं टोक छाटतं, नाहीतर शेजारणींची रोज भांडणं. आत्याच्या सगळ्या कोंबड्यांचं डाव्या पायाचं मागचं बोट छाटलेलं होतं. या एकाला तिने कात्री लावू दिली नाही. मेहुण्याला द्यायचा कोंबडा अंगाने पुरा हवा, उद्या तिकडच्या बायका बोटं मोजत बसतील! निघायच्या दिवशी शेजारच्याने त्याचे पाय बांधायला केळीच्या सोपटाची दोरी आणली, तर त्याच्यावर ही खेकसली. "वळ उठतील त्याच्या पायावर. नवरीच्या दारात लंगडत उतरेल का तो?" मग कोंबडा मोकळ्या पायांनी नव्या विणलेल्या टोपलीत बसला, वर झाकण, झाकणावर लाल फीत. टोपली आत्याच्या मांडीवर. नवरीचं गाव मसाकाकडे. तिथपर्यंत गाडीभर माणसं घामाने निथळत होती आणि ही बाई टोपलीला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त तिघांना ठाऊक. हा कोंबडा ज्या अंड्यातून निघाला ते अंडं आत्याच्या घरचं नव्हतंच. नवरी मुलगी नांतेझा, मागणी व्हायच्या आधीच, एक दिवस गुपचूप लुबेगाचं घर बघायला आली होती. असं येणं म्हणजे काय, हे सांगायला नको. तिच्या आईला कळतं तर पोरीच्या पाठीची सालटं निघाली असती. येताना रुमालात चार अंडी बांधून आणली होती. "आमच्या घरच्या तांबड्या कोंबडीची आहेत, आत्या. तिची पिल्लं फार देखणी निघतात." त्या क्षणी पोरगी आत्याच्या मनात भरली. रिकाम्या हाताने न येता अंडी घेऊन येणारी सून कुणाला मिळते? अंडी खुडूक कोंबडीखाली गेली, त्यातून हा निघाला, आणि तिघांनी तोंडं शिवली.

नांतेझाच्या अंगणात मंडप भरला होता. तिकडचा बोलका, म्हणजे घराच्या वतीने बोलणारा, होता सेबाना नावाचा, भोंग्यातून बोलायला मिळालं की त्याला जेवण लागत नसे. "या लोकांना आम्ही ओळखत नाही," तो ओरडला, तशी रीतच आहे, "वाट चुकून आले असतील. पाणी द्या आणि रस्ता दाखवा!" इकडून आमचा बोलका मुलोंडो उठला आणि असा काही गोड बोलला की तिकडच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. टोपल्या आल्या, झगे आले, बायका गुडघे टेकून सरकत पुढे गेल्या. आत्याने एकदाच नांतेझाच्या आईला "विहीणबाई" म्हटलं तर सेबानाने भोंगा तोंडाला लावला. "कोण विहीण? अजून कोंबडा कुठाय? कोंबड्याआधी नातं नाही!" मंडप हसला. आत्याचे कान तापले. नांतेझाच्या आईचं नाव नासाझी. काटक बाई, डोळे असे की भाजीतला खडा दुरून दिसावा. ती हसली नाही. सकाळपासून ती हसलीच नव्हती.

"आणा मेहुण्याचा!" भोंगा ओरडला.

आत्या उठली. याच घटकेसाठी ती इतके महिने जगली होती. टोपली डोक्यावर घेऊन अशी चालली की शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांनीही मान वळवली. नवरीचा भाऊ कसुले पुढे आला. हा ट्रक चालवणारा आडदांड गडी, खाण्यापिण्याचा शौकीन. टोपली हातात घेऊन वजन बघताच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आत्याबाई, यात कोंबडा आहे की वासरू?"

"आधी रीतसर 'घेतला' म्हण, मग बोल."

त्याने ऐकायला हवं होतं. टोपली तशीच धरून "घेतला" म्हणाला असता तर काम संपलं होतं. पण गड्याला मंडपाला दाखवायची हौस! त्याने लाल फीत सोडली, झाकण उचललं, आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकाच्या खोपटामागे घरचा कोंबडा आरवला.

मेहुण्याचा ते ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. एक फडफड, कसुलेच्या नाकावर एक पंजा, पाद्रीबाबांच्या टोपीवर दुसरा, आणि कोंबडा मंडपाबाहेर!

"धरा!" आत्या किंचाळली. "अरे धरा त्याला, बघता काय!"

मग जी काही धावपळ झाली! लांब पांढरे झगे कमरेला खोचून म्हातारे धावले. बायकांच्या वस्त्रांचे सोगे केळीच्या बुंध्यांत अडकले. लुबेगा नवरा मुलगा, नव्या कोटात, पोटावर सरपटत खुराड्याखाली गेला आणि तिथून एक रागावलेलं बदक घेऊन बाहेर आला. मुलोंडोने झडप घातली ती सेबानावर. पोरं तर आनंदाने वेडी झाली होती. आणि खोपटामागे, जिथे भांडी घासून घासून राखेचा चिखल झाला होता, तिथे दोन कोंबडे एकमेकांना भिडले होते.

काय भिडले! माना फुलवून, उड्या मारून, चोचीला चोच. आत्या सगळं विसरून ओरडली, "हाण मेहुण्याच्या! हाण!" पलीकडून नासाझीही ओरडत होती, "सोडू नको रे, आपल्या अंगणात येऊन ऐट दाखवतो का?" दोघीजणी कमरेवर हात ठेवून समोरासमोर उभ्या. शेवटी कसुलेने पाण्याची बादली ओतली, तेव्हा दोघे दोन बाजूंना झाले आणि काहीच घडलं नाही अशा थाटात दाणे टिपू लागले.

"हां," कसुले नाकावरचं रक्त पुसत म्हणाला, "आता द्या मेहुण्याचा इकडे. यातला तुमचा कुठला?"

आत्याने बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं.

दोघेही डोक्यापासून नखापर्यंत राखेने माखलेले. दोघांचे तुरे एकसारखे. दोघांची उंची, छाती, शेपटीचा बाक, सगळं तेच. असणारच! एका कोंबडीची अंडी. आत्याने पाय पाहिले. घरच्या कोंबड्याच्या पायाला चिंधी होती म्हणे, पण ती मारामारीत सुटून चिखलात कुठे गेली कोण जाणे. आणि आपल्या कोंबड्याला खूण केलेलीच नाही! अंगाने पुरा हवा ना? घ्या आता पुरा.

"हाक मारा की," कुणीतरी म्हणालं. "तुमचा असेल तर येईल."

अर्थात येईल! आत्याचा जीव भांड्यात पडला. तिने मूठभर मका घेतला आणि रोजची हाक दिली. "तुर्र, तुर्र, तुर्र!" अंगणातल्या झाडून सगळ्या कोंबड्या धावत आल्या. दोन बदकं आली. शेजारच्या घरची एक शेळी आली. आणि दोन्ही कोंबडे आले, दोघांनीही तिच्या पायाशी सारखेच दाणे टिपले.

मंडप हसून हसून लोळला. आत्या मात्र एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

सेबानाने भोंगा उचलला आणि या वेळी तो थट्टेत बोलत नव्हता. "मंडळी, गंमत पुरे. चुकून आमचाच कोंबडा आमच्या हातात आला तर मुलगी आम्ही आम्हालाच दिली असं होईल. ते लग्न नव्हे. थोरल्या काकांचं म्हणणं आहे, आज जेवून जा. पुढल्या वर्षी दुसरा कोंबडा घेऊन या."

पुढल्या वर्षी! लुबेगाचा चेहरा उतरला. खिडकीच्या पडद्याआड नांतेझाचे डोळे दिसले, भरून आलेले. पोरीच्या त्या काकांच्या मनात दुसरा मुलगा होता, कंपालात दुकान असलेला, हे सगळ्यांना माहीत होतं. एक वर्ष म्हणजे त्या दुकानदाराला मोकळं रान.

मुलोंडो आत्याच्या कानाशी लागला. "झालवांगो, कुठल्याही एकाकडे बोट दाखव आणि मोकळी हो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुला तरी कुठे कळतंय!"

"तेच म्हणतेय मी. चुकीचा निघाला, तर पोरांच्या लग्नाला पायाच नाही. जन्मभर प्रत्येक भांडणात मला तो कोंबडा दिसेल."

"तुझ्याच हट्टापायी झालंय हे. बाजारातला आणला असता, पांढरा, तर..."

"माहीत आहे मला!" ती म्हणाली.

मग ती मंडपाच्या मधोमध गेली. ज्या बाईने गावच्या सरपंचालाही कधी 'चुकलं' म्हटलं नव्हतं, तिने गुडघे टेकले आणि मोठ्याने सांगितलं, "मी याला अंड्यातून वाढवला. आणि आज मला माझा कोंबडा ओळखता येत नाही. मी खोटं बोट दाखवणार नाही. माझ्या हट्टाची शिक्षा पोरांना देऊ नका."

कुणी हसलं नाही. नासाझी मात्र पुढे आली, दोन्ही कोंबड्यांभोवती एक फेरी मारली, खाली वाकून एकाचा तुरा पाहिला, मग दुसऱ्याचा. मग आत्याजवळ येऊन बसली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे बी कुठलं?"

"कोंबडीचं," आत्या म्हणाली.

"कुठल्या कोंबडीचं?"

आत्याने जमिनीकडे पाहिलं. नासाझीने खिडकीकडे पाहिलं. पडदा चटकन पडला.

"म्हणजे," नासाझी सावकाश म्हणाली, "माझी चार अंडी मुंगसाने नेली नव्हती तर."

आता गेलं, आत्याला वाटलं. आता भोंग्यातून सांगेल सगळ्यांना. पण नासाझीचा चेहरा विचित्र झाला होता, ओठ घट्ट आवळलेले, आणि आत्याला उशिरा कळलं की बाई हसू दाबतेय. सकाळपासूनचं पहिलं.

नासाझी उठली. "सेबाना, खाली ठेव तो भोंगा. कोंबड्या पाळता का कुणी तुम्ही, की नुसत्या खाता? माझा कोंबडा रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या खोपटात जातो, आडव्या काठीवर, चुलीच्या बाजूच्या टोकाला. ती त्याची जागा. पावसात, उन्हात, आजारी असला तरी. परका तिथे टिकायचा नाही. दिवस मावळू द्या. जो वर चढून बसेल तो आमचा. जो खाली राहील तो यांचा."

"पण पाहुण्यांनी अंधाराआधी निघायचं असतं," काका म्हणाले.

"मग आज नाही निघणार. मुलगी माझी आहे, दादा. काठीही माझीच."

बाई गं, काय ती संध्याकाळ! झगे घातलेले दोन्हीकडचे म्हातारे खुर्च्या उचलून खोपटासमोर ओळीने बसले. शेंगदाण्याच्या कालवणाची ताटं मांडीवरच आली. पोरांना चूप बसवायला प्रत्येकाच्या हातात केळं. कसुले आणि मुलोंडो यांनी सोड्याच्या बाटल्यांची पैज लावली. लुबेगाने नखं खाल्ली. आमचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा आमच्याच बायका त्याच्या अंगावर धावून गेल्या.

ऊन केळीच्या पानांवरून उतरलं. पहिली कोंबडी खोपटात शिरली, मग दुसरी, मग लेकुरवाळी पिल्लांसकट. दोन्ही कोंबडे अंगणात येरझारा घालत होते. मग एकजण थांबला. मान तिरकी करून त्याने आभाळ पाहिलं, दार पाहिलं, आत गेला, आणि उडी मारून काठीवर!

"तो बघा!" अख्खा मंडप ओरडला.

कोंबडा दचकला, खाली पडला आणि बाहेर पळाला.

"अरे शिंच्यांनो!" नासाझीने कपाळावर हात मारला. "तोंडात केळी कोंबा, केळी!"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी कुणी शिंकलंसुद्धा नाही. कोंबडे पुन्हा फिरले. पुन्हा एकजण दाराशी आला. आत गेला. वर चढला, चुलीच्या बाजूच्या टोकाला, शेजारच्या दोन कोंबड्यांना धक्का देऊन नीट बसला. पाठोपाठ दुसरा शिरला. त्याने काठीकडे पाहिलं, उडी घेतली. पहिल्याने चोच मारली. तो खाली. दुसऱ्या टोकाला गेला, तिथल्या कोंबड्यांनी टोचलं. तो खाली. पुन्हा एकदा. पुन्हा खाली. मग तो बाहेर आला आणि त्या मोठ्या अंगणात, कुठे जावं हे न कळून, एकटाच उभा राहिला.

"माझा!" आत्या ओरडली. "तो माझा आहे! तो माझा!"

आणि मग आवाज फुटला! ढोल वाजले, बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या, मुलोंडोने सेबानाच्या हातातला भोंगा हिसकावला. आत्याने धावत जाऊन कोंबड्याला उचललं, राखेसकट छातीशी धरलं आणि तशीच जाऊन कसुलेच्या हातात दिला. या वेळी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला. "घेतला!" तो गरजला. "बहीण दिली!" आत नांतेझा एवढ्या जोरात ओरडली की सगळे पुन्हा हसले. लुबेगा खुर्चीत बसला आणि हमसून रडायला लागला, कोट वगैरे विसरून.

"उद्या दुपारी शेंगदाण्यात," कसुले कोंबड्याला चाचपत म्हणाला. "आत्ता बांधून ठेवतो पोत्यात."

"इकडे आण," नासाझी म्हणाली.

"आई, माझा आहे तो. रीत आहे."

"उद्या खा नाहीतर पूज. आज आण इकडे."

तिने कोंबडा घेतला आणि खोपटात गेली. आत्या तिच्या मागोमाग. आत अंधारून आलं होतं, चुलीत थोडे निखारे होते. नासाझीने काठीवरच्या कोंबड्यांना कोपराने ढकललं. "सरका गं भवान्यांनो. जागा करा." घरच्या कोंबड्याने चोच उगारली तर त्याला टपली. मग नव्याला मधोमध बसवलं. तो थरथरत होता, उतरू पाहत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उचलला नाही. बाजूच्या कोंबड्या कुरकुरल्या, मग गप्प झाल्या.

बाहेर नाच चालू होता. आत दोघी उभ्या. आत्याला बरंच काही बोलायचं होतं, अंड्यांबद्दल माफी मागायची होती.

"हात असाच ठेवावा लागतो थोडा वेळ," नासाझी तिच्याकडे न बघता म्हणाली. "नव्या घरात पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनाच टोचून खाली पाडतात. मलाही पाडलं होतं. माझी पोर दिसायला धीट आहे. आहे तेवढी नाही."

झालवांगोने आपला हात पुढे केला आणि कोंबड्याच्या पाठीवर, त्या हाताशेजारी ठेवला.

"ठेवीन, विहीणबाई," ती म्हणाली. "ती झोपेपर्यंत ठेवीन."

या वेळी तिला कुणी अडवलं नाही.